बिनशिट्टीचा कुकर

उज्जैनच्या माधव नगरातल्या पोतनीसांच्या घरी, वरच्या मजल्यावर, बावीस वर्षं एक पाच लिटरचा कुकर चालला. एरवी तो चारचौघांच्या कुकरसारखाच वाजायचा. डाळीला तीन शिट्ट्या, बटाट्याला दोन. महिन्यातल्या एका रविवारी मात्र तो मुका व्हायचा. तो मुका असला की समजायचं, आत डुकराच्या बरगड्या आहेत.

हा कुकर नंदा विटकरचा. नंदा सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डातली सिस्टर. अर्ध्या शहराने जगात आल्यावर पहिली थप्पड तिच्या हातची खाल्लेली. गाडीवर झेंडा लावून फिरणारा कुणी दिसला की ती म्हणायची, हा माझ्या हातात उलटा लटकून रडलाय, मला काय रुबाब दाखवतो. सिंहस्थात राम घाटावरच्या कँपात तिची ड्यूटी होती. तिथे एक जटाधारी बाबा रांग मोडून पुढे आला, तेव्हा तिने त्याला सांगितलं, "बाबाजी, भगवान के घर भी लाइन लगती है, पीछे." बाबा मुकाट मागे गेला. अशी ही बाई. डॉक्टरला भ्यायची नाही, साहेबाला भ्यायची नाही, नवऱ्याला भ्यायचा तर प्रश्नच नव्हता. ती भ्यायची ती एका शिट्टीला.

ते कसं, हे सांगायचं तर तिच्या बापापासून सुरुवात करायला हवी.

विटकर हे तिचं सासरचं नाव, पण माहेरही त्याच जातीचं, वडार. बाप सोलापूरकडून रेल्वेच्या खडीच्या कामावर आला आणि इकडेच राहिला. रुळांच्या कडेला पालं होती, बायका पाठीला पोर बांधून दगड फोडायच्या. पगार झाला की सगळ्या पालांवर चुली पेटायच्या आणि डुकराचं मटण तीन-तीन तास रटरटायचं. वास स्टेशनपर्यंत जायचा आणि कुणाच्या बापाची पर्वा नसायची. घरात एक रीत होती. बरगडीचा पहिला तुकडा त्या महिन्यात सगळ्यांत जास्त राबलेल्या माणसाच्या ताटात जायचा. नंदाला आठवतंय तसा तो बापाच्या ताटात कधी गेला नाही, दर वेळी आईच्याच. बाप हसून म्हणायचा, काय करू, ही मला जिंकूच देत नाही.

नंदा शिकली, नर्स झाली. रेल्वेत फिटर असलेल्या दिलीपशी लग्न झालं. क्वार्टर सोडून चांगल्या वस्तीत राहायचं, पोरीला चांगल्या शाळेत घालायचं, म्हणून दोन हजार तीन साली ती माधव नगरात घर बघायला आली. घरमालकीण अक्का पोतनीस. त्यांच्या खापरपणज्याने की त्याच्याही आधीच्या कुणी शिंद्यांच्या दरबारात हिशेबाच्या वह्या लिहिल्या होत्या, आणि ती गोष्ट अक्का काल घडल्यासारखी सांगायच्या. अक्कांनी दोन प्रश्न विचारले. विटकर म्हणजे कुठले? नंदा म्हणाली, सोलापूरकडचे. खोटं त्यात काहीच नव्हतं. दुसरा प्रश्न, खाण्यापिण्याचं काय? कारण वरच्या स्वयंपाकघराच्या बरोब्बर खाली आमचं देवघर आहे. नंदा म्हणाली, आम्ही साधंच खातो. हे मात्र खोटं होतं, आणि तिने ते डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. शहरात घर शोधत फिरलेल्या आमच्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा. खरं बोलून मिळालेलं घर त्याने पाहिलंय का ते सांगेल.

चुलीवरचे तीन तास इथे शक्यच नव्हते. तीन तास वास म्हणजे तिसऱ्या दिवशी सामान रस्त्यावर. म्हणून कुकर. पण कुकरलाही जीभ असते. प्रत्येक शिट्टीबरोबर आतला वास भपकन बाहेर पडतो आणि गल्लीभर सांगत सुटतो. तेव्हा नंदाने आपली पद्धत बसवली.

दिलीप महूच्या छावणीतल्या बाजारातून बरगड्या आणायचा. पिशवीत खाली मांस, वर मेथीच्या जुड्या. जिन्यात अक्का भेटल्या तर मेथी दाखवून कडू आहे की गोड यावर दोन मिनिटं बोलायचा, आणि घामाने चिंब होऊन वर यायचा. नंदा खिडकीवर गुंडाळून ठेवलेली भेरूगढच्या छापाची जाड चादर खाली सोडायची. बोटभर लांबीचे तुकडे हळद-मीठ लावून आधी कुकरमध्येच कोरडे परतायची, चरबी सुटून तुकड्यांच्या कडा तांबूस होईपर्यंत. मग आलं-लसूण, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, सोलापूरहून येणारं काळं तिखट. पाणी जेमतेम अर्धी वाटी. बरगडी स्वतःचं पाणी सोडते, तिला बाहेरचं लागत नाही. झाकण लावायचं, आच मोठी करायची आणि समोर उभं राहायचं. हलायचं नाही, फोन घ्यायचा नाही. शिट्टीचं वजन थरथरायला लागलं, आता बोलणार असं वाटलं, की त्याच क्षणाला आच इतकी बारीक करायची की जाळ नुसता निळा ठिपका. मग पस्तीस मिनिटं. शेजारच्या शेगडीवर डाळीला हिंगाची सणसणीत फोडणी, वरून काही उरलंच तर ते झाकायला. गॅस बंद केल्यावर वजन उचलून वाफ सोडायची नाही. कुकर आपोआप गार होईल तेव्हाच झाकण काढायचं. हाडाला हात लावला की मांस सुटून यायचं, लोण्यासारखं.

दिलीप आजवर दोनदा चुकला. त्याला समोर उभं केलं होतं आणि तो क्रिकेटचा स्कोअर बघायला गेला. दोन्ही वेळा नंदा झेपावत आली आणि तिने हाताने वजन दाबून धरलं. तळहातावर अजून गोल डाग आहे. दवाखान्यात विचारलं तर सांगायची, इस्त्री लागली.

लेक मानसी सहा वर्षांची असताना तिने विचारलं, आई, रविवारी आपला कुकर वाजत का नाही?

इथे नंदाचा अभिमान आडवा आला. पोरीला काय सांगायचं? की आपण आपलं अन्न चोरून खातो? तिला शाळेत ताठ मानेने पाठवायचं आणि घरात चोरी शिकवायची? तिने पोरीच्या ताटात एक बरगडी वाढली आणि सांगून टाकलं, "शिट्टी झाली की मांस रुसतं. कडक होतं." आणि अक्कांना माहीत आहे का, यावर सांगितलं, माहीत आहे ग, पण त्या खात नाहीत ना, म्हणून त्यांच्यासमोर बोलायचं नाही, बॅड मॅनर्स. मानसी शहाणी पोर. कधी बोलली नाही. आईने सांगितलं ते देवाने सांगितल्यासारखं धरून मोठी झाली, पुण्याला नोकरीला लागली.

आता गेल्या वर्षाची गोष्ट. नंदा निवृत्त झाली. अक्का ब्याऐंशीच्या. वीस वर्षांत त्यांचं नातं भाडेकरू-मालकिणीचं राहिलं नव्हतं. अक्कांना साखर, दोन वेळा इन्सुलिन, आणि ती सूई सकाळ-संध्याकाळ नंदा द्यायची. अक्का काठीने छताला तीन ठोके मारायच्या, नंदा खाली यायची, अक्का तोंड दुसरीकडे करून दंड पुढे करायच्या. मुलगा श्रीनाथ शेजारच्याच खोलीत असायचा, पण त्याचा हात सूई बघून थरथरतो आणि अक्का म्हणायच्या, हा मला टोचत नाही, भोसकतो. अक्कांनीच विषय काढला होता. वरचा मजला तूच घे नंदा, परक्याला द्यायला जीव होत नाही. भाव ठरला, फंडाचे पैसे आले, कागद झाले. रजिस्ट्री सोमवारी. विटकरांच्या सात पिढ्यांत पहिलं दगडाचं घर, आणि तेही दुसऱ्यासाठी न फोडलेल्या दगडाचं. सोमवारी रात्री जेवायला म्हणून दिलीप शुक्रवारीच महूला जाऊन दोन किलो बरगड्या घेऊन आला. मेथीसकट.

शनिवारी दुपारी श्रीनाथ वर आला. दारातच उभा राहिला, आत आला नाही. फोन पुढे धरला.

"नंदाताई, ये आपने देखा क्या?"

फोनमध्ये मानसी होती. पुण्यातल्या तिच्या फ्लॅटची शेगडी, हातात डाव, केस वर बांधलेले. हसून सांगत होती की लोकांना वाटतं कुकरमध्ये सहा शिट्ट्या दिल्या की डुकराच्या बरगड्या मऊ होतात, चूक, एकही शिट्टी होऊ द्यायची नाही, मांस कडक होतं, ही माझ्या आईची पद्धत आहे. "उज्जैनला माधव नगरात आमच्या घरी बावीस वर्षं अशाच होतात." मग आईचा फोटो आला. स्वयंपाकघरात, कुकरपाशी. मागे खिडकी, खिडकीतून खाली अक्कांचं तुळशीवृंदावन. त्यावरचं गेरूचं स्वस्तिकसुद्धा ओळखता येत होतं. चार लाख लोकांनी पाहिलं होतं. त्यातल्या कुणीतरी ते कॉलनीच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं.

 तीस वर्षांत नंदाने टेबलावर मेलेल्या बायका पाहिल्या, हातात गार झालेली पोरं पाहिली आणि पुढच्या मिनिटाला पुढच्या खाटेकडे गेली. इथे तिला साधं दार धरता येईना. श्रीनाथ काहीतरी बोलत होता, आईला ग्रुपवरच दिसलं, आई सकाळपासून जेवली नाही, ये तो गलत बात है ना ताई, भरोसे की बात थी. तिला त्याचे ओठ हलताना दिसत होते. तो गेला तेव्हा जिन्यात त्याच्या चपला नव्हत्या हे तिच्या लक्षात आलं. तो अनवाणी आला होता. चपला विटाळायला नकोत, पाय काय, जाऊन धुता येतात.

मग तिने पुण्याला फोन लावला. चिडायचं म्हणूनच लावला होता. मानसीने उचलला तो आनंदातच, आई, तू फेमस झालीस. नंदा बोलायला लागली आणि काय बोलत गेली ते तिचं तिलाच कळलं नाही. चादर, मेथी, तळहातावरचा डाग, सगळं बाहेर आलं. 

"आई," मानसी म्हणाली, "म्हणजे ती रेसिपी नव्हती?"

"ती भीती होती, बाई."

मानसी रडायला लागली. व्हिडिओ काढते म्हणाली. नंदाने सांगितलं, आता काढून काय, चार लाख लोकांच्या पोटातून काढणार आहेस का. आणि फोन ठेवल्यावर तिला दुसरा धक्का बसला, पहिल्यापेक्षा मोठा. पोरीने काहीच चूक केली नव्हती. पोर लपवत नव्हती, कारण लपवायचं असतं हे तिला शिकवलंच नव्हतं. नंदाला हवं होतं तेच झालं होतं.

संध्याकाळी सात वाजता ठोके पडले नाहीत. साडेसात झाले. दिलीप म्हणाला, राहू दे, आज नको जाऊस, उगाच तमाशा होईल. नंदा म्हणाली, साखर तमाशासाठी थांबते का, आणि खाली गेली.

अक्का पलंगावर बसल्या होत्या. इन्सुलिनची बाटली उशाशी होती, हात पदराखाली. नंदाने नेहमीसारखा कापूस घेतला, स्पिरिट लावलं. दंड पुढे आला नाही.

"खरं आहे का?" अक्कांनी विचारलं.

"खरं आहे."

"माझ्या देवांच्या डोक्यावर. बावीस वर्षं."

 अक्कांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मला सांगितलं असतंस तर मी तुला घर दिलं नसतं."

"माहीत होतं, अक्का. म्हणून नाही सांगितलं."

अक्कांनी पहिल्यांदा वर पाहिलं. बहुतेक त्यांना वाटलं होतं, नंदा माफी मागेल, रडेल, पाय धरेल. नंदालाही खाली येताना तसंच वाटलं होतं. पण तोंडातून ते निघालं नाही, आणि एकदा खरं निघाल्यावर मागे घेण्यासारखं काही उरलं नाही. तिने सरळ विचारलं, सोमवारचं काय? अक्का म्हणाल्या, मला काही सुचत नाहीये. आणि आजची सूई श्रीनाथ देईल.

नंदाने कापूस बशीत ठेवला. दाराशी आलेल्या श्रीनाथला सांगितलं, तिरकी धर, कातडी चिमटीत पकड, दहा मोज आणि मग काढ. आणि वर आली.

रविवार गेला. सोमवारी सकाळी दिलीपने इस्त्रीचा शर्ट घातला, अकरापर्यंत वाट पाहिली, मग बनियनवर येऊन बसला. खालून कुणीच आलं नाही. कॉलनीत मात्र सगळं सुरू होतं. एका बाईने नंदाला बघून रस्त्याची बाजू बदलली, जिची दोन्ही बाळंतपणं नंदाने केली होती. पाण्याचा कॅन आणणाऱ्याने कॅन फाटकाशी ठेवला, वर चढवला नाही. दुपारी दिलीप म्हणाला, गुपचूप दुसरं घर बघू. त्या मांसाचंही काहीतरी करायला हवं, फ्रीजमध्ये आहे ते. रात्री जाऊन कुठेतरी टाकून येतो.

नंदाच्या डोक्यात सणक गेली. टाकून येतो म्हणजे? तिच्या आईने पाठीला पोर बांधून दगड फोडले ते याच्यासाठी. ती उठली. आधी खिडकीवर गुंडाळलेली चादर ओढून काढली. बावीस वर्षांची धूळ आणि तेलकट वास तिच्या अंगावर आला. खिडकी सताड उघडली. कुकर शेगडीवर चढवला आणि बरगड्या परतायला घेतल्या. हिंगाची फोडणी नाही, उदबत्ती नाही, काही नाही. चरबी सुटली, काळं तिखट पडलं, आणि तो वास तुळशीवरून, फाटकावरून रस्त्यावर गेला. दिलीप बेडरूममध्ये जाऊन बसला.

झाकण लावून ती कुकरसमोर उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत. सवयीने. आता काय लपवायचं होतं? सगळ्या जगाला माहीत होतं. तरी डोळे वजनावरून हलेनात आणि हात बटणापाशीच.

वजन थरथरायला लागलं आणि त्याच वेळी खालून ठोके आले.

एक. दोन. तिसरा जरा वेळाने, दमून मारल्यासारखा.

सात वाजायला अजून अवकाश होता. अवेळी ठोके म्हणजे काय हे सिस्टरला सांगावं लागत नाही. नंदा धावली. जिना उतरताना गॅस तसाच मोठा राहिल्याचं तिला आठवलं, आणि ती थांबली नाही.

अक्का पलंगाला टेकल्या होत्या, ओठ कोरडे, डोळे लागल्यासारखे. श्रीनाथ एका हातात साखर मोजायचं मशीन, दुसऱ्या हातात सिरिंज घेऊन उभा. दोन दिवस याच्या सुया कातडीत कमी आणि चादरीत जास्त गेल्या होत्या. साखर चारशेच्या घरात. नंदाने त्याच्या हातातून सिरिंज घेतली, डॉक्टरला फोन लावायला सांगितलं, डोस विचारून घेतला. या वेळी दंड न मागता पुढे आला. अक्कांनी तोंड दुसरीकडे केलं, नेहमीसारखं. नंदाही त्या बाजूला बघायला गेली आणि तिला देवघर दिसलं. रिकामं. चौरंग नाही, समई नाही, देव नाहीत. भिंतीवर काजळीचे डाग तेवढे होते.

सूई आत असतानाच वरून शिट्टी झाली.

इतके रविवार जिला दाबून, रोखून, हात भाजून गप्प ठेवलं, ती शिट्टी. लांब, फुसफुसत, पूर्ण. छतातून खाली आल्यासारखी.  श्रीनाथने वर पाहिलं.  नंदाने मनातल्या मनात दहा मोजले, सूई काढली, कापूस दाबला. दंड तिच्या हातात तसाच होता, झटकला गेला नव्हता.

दुसरी शिट्टी झाली.

"आच बारीक कर जाऊन," अक्का भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "कडक होतं म्हणे."

नंदाला आधी कळलंच नाही, काय ऐकलं ते.

"तीनदा पाहिलं मी," अक्का म्हणाल्या. "पोरगी बोलते छान. सहा वर्षांची असताना माझ्याकडून पाढे म्हणून घ्यायची." मग त्यांनी दंडावरचा कापूस स्वतःच दाबून धरला. "हे मला पटलेलं नाही नंदा. पटणारही नाही. देव मी पुढच्या खोलीत नेलेत. तुझं स्वयंपाकघर काही नेता येत नाही." श्रीनाथ काही बोलणार होता, त्यांनी काठी उचलून त्याला गप्प केलं. "शब्द दिला होता. पोतनीसांनी लिहून दिलेलं खोडलेलं नाही. रजिस्ट्रीला गुरुवारची तारीख घेतलीये याने. तुला सांगायला जिना चढवत नव्हता, एवढंच."

श्रीनाथ खाली पाहत होता. त्याच्या पायात आज चपला होत्या.

  तिसरी शिट्टी झाली तेव्हा नंदा उठली. दारातून तिने एवढंच सांगितलं, अर्ध्या तासाने पुन्हा साखर बघायला येते, तोपर्यंत काही खाऊ नका.

वर दिलीप स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, दोन्ही कानांवर हात ठेवून. तिने आच बारीक केली, निळा ठिपका होईपर्यंत. खिडकी उघडीच ठेवली. पस्तीस मिनिटं मोजली, मधे एकदा खाली जाऊन आली, मग गॅस बंद करून कुकर आपोआप गार व्हायची वाट पाहत बसली. तीन शिट्ट्या झाल्याच होत्या. बरगड्या जरा चिवट निघाल्या. पोरगी बरोबरच सांगत होती.

दिलीपने पहिला तुकडा उचलला आणि तिच्या ताटात ठेवला.